उशाशी पहारा

झोप नेमकी कधी गेली, हे अंबिकेला सांगता आलं नसतं. ती एकदम गेलीच नव्हती. सवयीचं मांजर आधी एखादी रात्र बाहेर काढतं, मग दोन-तीन रात्री येत नाही, आणि एके दिवशी आपल्या ध्यानात येतं की त्याची वाटी कधीची कोरडी पडली आहे. तिची झोप तशी गेली होती.

दिवस मात्र झोपेनं काठोकाठ भरलेला असायचा. लक्ष्मी गेट या जुन्या वेशीच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दुपारी ती दाराशी खुर्ची टाकून बसली की बाहेरचे आवाज हळूहळू सुटे व्हायचे. ई-रिक्शाची घंटी, भांडीवाल्याची हाक, कोणाच्या तरी छतावर कपडे आपटल्याचा आवाज. मग ते आवाज पाण्याखाली जायचे, आणि पाण्याखाली बरुआसागरचं तळं असायचं. तिचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. घाटावरच्या पोरींमध्ये सगळ्यात जास्त वेळ बुडी मारून राहायची ती अंबिका. खाली हिरवा उजेड, तळाशी मऊ चिखल, वर पोरींचे हलणारे पाय. श्वास नावाची गोष्ट घ्यावी लागते हेच तिथे आठवत नसे. मग कुठूनतरी छाती आवळायची, घशात शिट्टी वाजायची आणि डोळे उघडायचे. समोर तिचे यजमान, दत्तात्रेय, पाण्याचा पेला घेऊन उभे असायचे.

"काय झालं? त्रास होतोय?"

"नाही हो. डुलकी लागली होती."

"चेहरा कसा झाला होता तुझा," ते म्हणायचे आणि जवळच स्टूल ओढून बसायचे.

डॉक्टरांनी तिच्या आजाराला लांबलचक नाव दिलं होतं. गल्लीत सगळे त्याला 'साँस की बीमारी' म्हणत. जन्मात तिनं विडी-सिगरेटला हात लावला नव्हता. पण लग्न होऊन ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिथे इंजिनाच्या दगडी कोळशाची अंगीठी होती. सासू-सासरे, दीर, नणंदा, येणारे-जाणारे, एवढ्यांचा स्वयंपाक तिनं त्या अंगीठीवर केला, तोही वर्षानुवर्षं. धूर डोळ्यांत जातो एवढंच तिला माहीत होतं. तो छातीत घर करून राहतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता जिना चढताना, केस विंचरताना, कधी नुसतं बोलतानाही तिला दम लागायचा. दिवसाचं ते तिनं अंगवळणी पाडून घेतलं होतं. रात्रीचं जमत नव्हतं. तीन उशा रचून ती टेकायची आणि मनात यायचं, झोपले आणि श्वास घ्यायचा राहून गेला तर? हा विचार आला की श्वासाचं आपोआप चालणं थांबायचं. मग प्रत्येक श्वास हातानं विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढावा लागे.

शेजारच्या पलंगावर दत्तात्रेय. ते मालगाडीचे गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून, खिडकीबाहेर मान काढून, पुढच्या वाघिणींकडे बघत त्यांनी रात्री काढल्या. कुठे ठिणगी उडतेय का, कुठला डबा डुगडुगतोय का. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, नजर तेवढी राहिली. रात्री मधूनमधून त्यांच्या बॅटरीचा उजेड अंबिकेच्या रजईवर येऊन पडायचा. रजई वर-खाली होतेय ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं. उजेड पडला की ती डोळे मिटून मुद्दाम मोठा श्वास घ्यायची, म्हणजे त्यांचं समाधान व्हावं आणि त्यांनी झोपावं. उजेड विझायचा. दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन एकमेकांचा कानोसा घेत पडायचे. त्या घरात कोणीच झोपत नव्हतं.

शेवटी शेजारच्या कांचनभाभींनी आपल्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. "आधी गोली ले लेना, दीदी, पूरी नहीं. बच्चे जैसी नींद आएगी."

आली. पण लहान मुलाची झोप ती नव्हती. कोणीतरी वरून काळं फडकं टाकावं तशी ती आली. तिच्यात ना तळं होतं, ना घाट. सकाळी डोकं दगडासारखं जड व्हायचं, तरी रात्र संपली एवढ्यावर अंबिका खूश होती. दत्तात्रेयांना तिनं काही सांगितलं नाही. अर्धीची एक झाली. पौषात धुकं उतरलं, थंडीनं छाती जास्तच भरून आली, तेव्हा एकीच्या दोन झाल्या.

एका सकाळी ती उठलीच नाही.

नंतरचं तिला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कोणीतरी फार लांबून तिचं नाव घेत होतं. रिक्शात गार वारा लागत होता. मग तोंडावर घट्ट बसवलेला मुखवटा आणि त्यातून जोरानं आत शिरणारी हवा. तिला वाटलं, लग्नानंतर एकदा दत्तात्रेयांनी तिला गुपचूप गार्डच्या डब्यात बसवून नेलं होतं, तीच रात्र परत आली आहे. वारा असाच तोंडावर येत होता आणि श्वास घ्यायची काही गरजच नव्हती, तो आपणहून आत यायचा.

शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर पियूष खाटेशी उभे होते. तरुण होते, आवाज हळू होता.

"माताजी, ये गोली सिर्फ़ आपको नहीं सुलाती. आपकी साँस को भी सुला देती है. गंदी हवा अंदर ही जमा होती रही, इसलिए आप उठ नहीं पाईं."

"तो फिर मैं सोऊँ कैसे?" अंबिकेनं विचारलं. गेली कितीतरी वर्षं तिला कोणालातरी हेच विचारायचं होतं.

डॉक्टरांनी तिला आणखी काही दिवस ठेवून घेतलं, श्वासाच्या औषधाचा पंप ओढायची तिची पद्धत सुधारली, रात्री बोटाला यंत्र लावून गोळीशिवाय तिचा श्वास कसा चालतो ते बघितलं. मग म्हणाले, "रात को आपका ऑक्सीजन ठीक रहता है. अब नींद का इलाज करते हैं. ऊपर मयुराजी बैठती हैं, उनसे मिलिए."

कांचनभाभी दवाखान्यात येऊन इतक्या रडल्या की अंबिकेलाच त्यांची समजूत घालावी लागली.

मयुरा मराठी घरातलीच निघाली. मानसशास्त्र शिकून आली होती, आणि छातीच्या आजारातली झोप हेच तिचं काम होतं. "काकू, मला समजतं सगळं मराठी," तिनं आधीच सांगून टाकलं, "पण बोलताना हिंदी घुसून जाते हां. आपण हसायचं नाही."

तिनं पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते ऐकून अंबिकेला वाटलं, ही पोर आपली चेष्टा करते आहे. दिवसा आडवं व्हायचं नाही. रात्री अकराच्या आधी पलंगाला पाठ लावायची नाही. झोप लागो न लागो, पहाटे ठरल्या वेळेला उठायचं आणि उन्हात जाऊन बसायचं. मधे जाग आली आणि झोप येईना, तर पडून राहायचं नाही. उठून दुसऱ्या खोलीत जायचं, काहीतरी हलकं काम करायचं, पापण्या जड झाल्या की परत यायचं.

"अगं, झोप येत नाही म्हणून तुझ्याकडे आले," अंबिका म्हणाली, "आणि तू मला झोपूच नका म्हणतेस?"

मयुरा हसली. "काकू, आपल्या पलंगाला आता वाटतं, ह्या बाई इथं जागायला येतात. त्याला नवी आदत लावायची आहे. थोडे दिवस लागतील. पहिले आठवडे तर खूप वाईट जातील, मी खोटं नाही बोलणार."

मग तिनं श्वास सोडायला शिकवलं. नाकानं घ्यायचा, आणि ओठांचा चंबू करून सोडायचा, गरम दुधावरची साय फुंकरीनं बाजूला करतो तसा, सावकाश. "घाबरायला झालं की आपण घेण्यामागे लागतो. आधी सोडायचा. सोडला की आत जागा होते."

अंबिकेनं सोडून बघितला. छातीत खरंच थोडी जागा झाली.

"आणि काका?" मयुरा दत्तात्रेयांकडे वळली. "आपण रात्री काय करता?"

"मी? मी झोपतो की."

"खोटं," अंबिका म्हणाली. "बॅटरी मारून बघतात मी जिवंत आहे का."

दत्तात्रेय जरा ओशाळले, पण हटले नाहीत. "गार्ड झोपला तर गाडीचं काय होईल?"

"मी मालगाडी नाही," अंबिका म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, आणि तेवढ्यानंही तिला दम लागला.

मयुरानं खालच्या आवाजात सांगितलं, "काका, कोणी बघतंय असं असलं की माणूस झोपत नाही, झोपल्यासारखं करतो. आपण थोडे दिवस बाहेरच्या खोलीत झोपा. डॉक्टरांनी बघितलंय, काकूंचा श्वास रात्री चालतो. आपण जागलात म्हणून तो नाही चालत."

येताना दत्तात्रेय रिक्शात तोंड बाहेर करून उलट्या दिशेनं सरकणारी दुकानं बघत राहिले.

मयुरा म्हणाली होती तसंच झालं. पहिले आठवडे वाईट गेले. दुपारी झोपायचं नाही म्हणून अंबिका मेथी निवडत बसायची आणि निवडलेली काडी कुठली, पानं कुठली, हेच विसरायची. जग कापसाचं झालं होतं. वरणात साखर पडली. कधीच्या गेलेल्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातून 'उतू चाललंय गं' म्हणून हाक मारली आणि ती खरोखर उठून बघून आली. संध्याकाळी दारात उभं राहिलं की समोरची भिंत, जुन्या विटा, कोनाडे, सगळं श्वास घेतल्यासारखं फुगायचं आणि बसायचं. तिला त्याची भीती वाटत नसे. भिंतीलाही दम लागतो, एवढंच तिच्या मनात यायचं.

रात्री पलंगातून उठून ती स्वयंपाकघरात चटईवर वाती वळत बसायची. वाती करायला डोकं लागत नाही, बोटं आपलीआपण चालतात. बाहेरच्या खोलीत दत्तात्रेय असायचे. ते कूस बदलत नसत, खोकत नसत, आणि म्हणूनच तिला कळायचं की ते जागे आहेत. माणूस कान देऊन ऐकत असला की त्याचं ऐकणंसुद्धा ऐकू येतं. वळलेल्या वातींचा ढीग वाढत गेला आणि पुढच्या दिवाळीलाही पुरेल एवढा झाला.

एका पहाटे ती दचकून जागी झाली. नुकता कुठे डोळा लागला होता. दारात बॅटरीचा उजेड होता.

ती उठून बसली. ओठांचा चंबू करून श्वास सोडला, पुन्हा सोडला, आणि बोलण्यापुरता दम आल्यावर म्हणाली, "तुम्ही माझे श्वास मोजता ना, तेव्हा मलाही ते मोजावे लागतात. असं कसं झोपायचं मी?"

दत्तात्रेयांनी बॅटरी विझवली. अंधारात ते दारातच उभे राहिले.

"त्या सकाळी," ते म्हणाले, "मी हाका मारत होतो आणि तू उठत नव्हतीस. त्या रात्री मी झोपलो होतो, अंबिका. कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली होती. तू शांत झोपली आहेस असं वाटलं, म्हणून मीही झोपलो."

अंबिकेला हे माहीत नव्हतं. एवढे दिवस तिला वाटत होतं की त्यांची सवय सुटत नाही, म्हणून ते जागतात.

"इकडे या," ती म्हणाली. ते पलंगाच्या कडेला येऊन बसले. त्यांचा हात गार पडला होता. "तुम्ही जागे असता तर काय झालं असतं? गोळ्या मी घेतल्या होत्या. तुम्हाला न सांगता घेतल्या. तुमचं त्यात काही चुकलेलं नाही."

"तुला काही झालं असतं तर..."

"झालं नाही. आणि पुढे जे व्हायचं असेल ते तुम्ही जागलात म्हणून थांबणार आहे का?"

त्यांचे खांदे खाली आले. प्रवास संपल्यावर हमाल डोक्यावरचं ओझं उतरवून मान फिरवतो, तशी त्यांनी मान फिरवली. बाहेर झाडलोट सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

त्या दिवशी दुपारी त्यांनी बॅटरीतले सेल काढून पंख्याच्या रिमोटमध्ये घातले. रात्री, अंबिका पलंगाला पाठ टेकते न टेकते तोच बाहेरच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. आधी लाजत, मग बिनधास्त. कितीतरी वर्षांत तिनं ते ऐकलं नव्हतं. ती उशांना टेकून ऐकत राहिली. लांबच्या यार्डात डबे एकमेकांना जोडताना जसा एक-एक धक्का पुढे सरकत जातो, तसा तो आवाज खोलीतून सरकत होता, आणि त्याच्या मागोमाग ती कुठेतरी निघाली.

त्या झोपेत तळं आलं. दुपारच्या डुलकीत दिसायचं त्यापेक्षा ते मोठं होतं. पाण्यावर सकाळचं कोवळं ऊन होतं. ती बुडी मारून गेली, तळाचा चिखल पायांना लागला, आणि या वेळी छाती आवळली नाही. ती सावकाश वर आली. घाटावर कोणी नव्हतं, आणि कोणी नसल्याचं तिला काही वाटलं नाही. पाय पाण्यात सोडून ती नुसती बसून राहिली.

असं रोज झालं नाही. चांगल्या दोन रात्रींमागे एक वाईट यायची, छाती भरली की चांगली रात्र येतच नसे. पण मयुरानं पलंगावरचा वेळ हळूहळू वाढवून दिला. कोरडी वाटी पुन्हा भरू लागली आहे, हे अंबिकेच्या ध्यानात यायलाही काही दिवस गेले.

फाल्गुन सरत आला होता. एका सकाळी ती उठली तेव्हा खिडकीत ऊन होतं. घर गप्प होतं. चहाचं भांडं वाजत नव्हतं, नळ वाहत नव्हता, आणि घोरणंही नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत गेली. दत्तात्रेय कुशीवर झोपले होते, तोंड भिंतीकडे, चादर मानेपर्यंत.

"अहो," तिनं हळूच हाक मारली.

ते हलले नाहीत. ती वाकली आणि आपला तळहात तिनं त्यांच्या नाकाजवळ धरला. क्षणभर काहीच लागलं नाही. मग ऊन ऊन श्वास तळहाताला लागला, गेला, पुन्हा आला. ती तशीच वाकून उभी राहिली. आपला हात मागे घेणं किती अवघड आहे, ते तिला तेव्हा समजलं. आणखी एक श्वास बघू, मग जाऊ. आणखी एक.

मग तिनं हात मागे घेतला. चादर नीट केली नाही, पाणी ठेवलं नाही. पंप ओढला, चूळ भरली, पायात चपला सरकवल्या, दुधाची बरणी घेतली आणि दार ओढून घेतलं.

गल्लीत एकटी ती कधीची आली नव्हती. कडुलिंबाला नवी पालवी फुटली होती, आणि उन्हात ती तांबूस, जवळजवळ पारदर्शक दिसत होती. दहा-बारा पावलं झाली की ती भिंतीला हात टेकायची, ओठ गोल करून श्वास सोडायची, पुन्हा निघायची. कोणालाच घाई नव्हती. एक गाय तिच्या बाजूनं सावकाश पुढे गेली. झोपेतून आणलेलं काहीतरी अजून तिच्या अंगावर होतं, आणि त्यातून ती चालत होती, अर्धी गल्लीत, अर्धी पाण्यात. सगळे आवाज मऊ येत होते.

लक्ष्मी गेटपाशी दूधवाल्या यशवंतनं तिला बघितलं आणि हातातलं माप तसंच राहिलं. "अरे, काकीजी! आज आप?"

"हाँ भैया, आज मैं," ती म्हणाली. त्यानं घाईघाईनं पोतं झटकून दुकानाच्या पायरीवर टाकलं. ती बसली. जलेबीच्या कढईचा धूर दुसरीकडे चालला होता, तरी तिनं पदर नाकाला लावला. गेटच्या कमानीतून सायकली, रिक्शा, शाळेची मुलं आत-बाहेर करत होती. दुधाची बरणी मांडीवर गरम लागत होती.

थोड्या वेळानं गल्लीच्या वळणावर दत्तात्रेय दिसले. बनियनवर, पायजम्यात, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्यात तिची जुनी. केस उभे राहिलेले. ते जवळजवळ पळत होते. तिला पायरीवर बसलेली बघितली आणि ते जागीच थांबले.

"पलंग रिकामा," ते धापा टाकत म्हणाले. आज दम त्यांना लागला होता. "सगळीकडे बघितलं. मोरीत बघितलं. छतावर..."

"मी दूध आणायला आले होते," अंबिका म्हणाली. "तुम्ही झोपला होतात."

"उठवायचं नाही का?"

"नाही उठवलं."

ते तिच्याकडे बघत राहिले, मग आपल्या पायांकडे. दोन वेगवेगळ्या चपला बघून त्यांना हसू फुटलं. ती आधीच हसत होती, आणि हसताना खोकला आला, मग पुन्हा हसू. यशवंतनं दोन कुल्हड चहा आणून ठेवला. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"किती वाजले असतील?" त्यांनी विचारलं.

"आठ वाजून गेले."

"आठ!" ते म्हणाले. निवृत्त झाल्यापासून या माणसाला सकाळचे आठ झोपेत कधी वाजले नसावेत. चहाचा घोट घेऊन ते गेटच्या कमानीकडे बघत राहिले. डोळ्यांखालची त्यांची काळी वर्तुळं उन्हात स्पष्ट दिसत होती, पण चेहरा लहान मुलासारखा सुजलेला, झोपून उठलेला होता.

चहा संपला तशी दोघं उठली. बरणी त्यांनी घेतली. पहिल्याच वळणावर ती भिंतीला हात टेकून थांबली आणि श्वास सोडू लागली, सावकाश. दत्तात्रेयही थांबले. समोरच्या छतावर कोणाचीतरी साडी वाळत होती, पिवळी, वाऱ्यानं फुगलेली. तिचं श्वास सोडणं पुरं होईपर्यंत ते त्या साडीकडे बघत राहिले.